दाजींचा रावण

कृष्णेच्या उगमापासून थेट कर्नाटकाच्या हद्दीपर्यंत माझ्या थोरल्या साडूंइतका रागीट माणूस देवाने दुसरा केला नाही, हे मी कुणाच्याही समोर शपथेवर सांगेन. तशी रागीट माणसं आमच्या मुलखात चिक्कार. बांधाच्या वितीवरून कुऱ्हाड उचलणारे आहेत, आमटीत मीठ कमी म्हणून ताट अंगणात भिरकावणारे आहेत. पण त्यांचा राग येतो, दंगा करतो आणि निघून जातो. आमच्या साडूंचा राग कुठे जातच नसे. तो त्यांच्याकडे बिऱ्हाड करून राहिला होता. हसू मात्र पाहुण्यासारखं वर्षातून एकदोनदा यायचं, तेही उभ्या उभ्या.

ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. गाव साताऱ्याकडच्या खंडाळ्याजवळचं. इंदू, म्हणजे माझी बायको, त्यांना दाजी म्हणायची. तिचं ऐकून मी म्हणू लागलो आणि पुढे सांगलीचा सगळा वखारभाग म्हणू लागला. घराणं शेतकऱ्याचं, सुतारकीशी काही संबंध नाही. पण लढाईत भरती झाले तेव्हा पलटणीने त्यांच्या हातात बंदूक न देता रंधा दिला. तीन वर्षं कुठल्याशा छावणीतल्या लाकडाच्या कारखान्यात त्यांनी दारूगोळ्याच्या पेट्या केल्या. लढाई संपल्यावर ते पत्र्याची ट्रंक, खाकी लोकरी कोट आणि एक ठाम मत घेऊन घरी आले. ते मत असं, की या देशात जो तो उघड्या पात्यापुढे बसलेला आहे आणि कुणालाही त्याची लाज नाही.

त्यांच्या रागाची पायरी त्यांच्या बोलण्यावरून ओळखायची असे. साधारणपणे ते मला "पाव्हणं" म्हणत आणि "तुमी" म्हणत. राग चढला की "अरं गड्या" सुरू होई आणि मी "तू" होई. पण राग अगदी माथ्यावर गेला की एकदम पलटणीतली हिंदी बाहेर पडे आणि ती भलतीच अदबीची असे. "आप जरा बाजू होईये," असं दाजी कुणाला म्हणाले की शहाण्याने तिथून सरळ घर गाठावं. निर्जीव वस्तूंनाही त्यांच्या रागातून सूट नव्हती. वाकड्या गेलेल्या खिळ्याला ते चिमट्यात धरून दोन मिनिटं बोलत. एकदा पेठेतल्या न्हाव्याने वस्तरा हातात असताना मान वळवून बाहेरच्या माणसाशी गप्पा मारल्या, तर दाजी अर्धी दाढी तशीच ठेवून उठले आणि साबण लावलेल्या गालानिशी आमच्या घरी आले. उरलेली अर्धी त्यांनी आमच्या आरशात स्वतः केली. आरसा हलतो म्हणून आरशालाही बोलले.

आमच्या घरी ते पहिल्यांदा आले तेव्हा इंदू विळीवर दुधी चिरत होती. दाजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरच थांबले.

"इंदे, उघड्या पात्यापुढं बसलीयास!"

"मग झाकून कशी चिरू, दाजी?"

हा प्रश्न त्यांना फार लागला. दुपारभर बसून त्यांनी लाकडाचा एक ठोकळा तासला, त्याला मूठ केली, पुढे खाच पाडली. भाजी त्या ठोकळ्याने पुढे लोटायची, बोटं मागे. इंदूने तोंडभर कौतुक केलं आणि दुसऱ्या दिवशी वाऱ्याने दार आपटतं म्हणून तो ठोकळा दाराखाली सरकवला. दाजींनी पाहिलं. आता धाकट्या मेव्हणीला कसं बोलायचं? म्हणून ते तासभर मला बोलले. मी त्या दिवशी दुधीला हातही लावला नव्हता.

आष्ट्याला एका गुऱ्हाळावर आम्ही काकवी खायला गेलो होतो, तिथली तर अजून गोष्ट सांगतात. चरकात ऊस घालणारा माणूस गप्पांच्या नादात मनगटापर्यंत हात आत नेत होता. दाजींनी हातातली वाटी खाली ठेवली, काही न बोलता जाऊन चरकाचे बैल सोडले आणि त्यांना चिंचेखाली नेऊन बांधलं. गुऱ्हाळाचा मालक बघतच राहिला. आलेला पाहुणा बैल सोडतो, याला काय म्हणावं हे त्याला कळेना. दाजी त्याला म्हणाले, "हात गेल्यावर सोडणारच की. मी आदी सोडलं." काकवी अर्थातच तिथेच राहिली. मला काकवी फार आवडते, त्यामुळे त्या दिवसाचा राग माझ्या मनात अजून आहे.

पण हे सगळं किरकोळ. खरा प्रसंग आमच्या वखारीत झाला. मी तेव्हा अण्णांच्या वखारीत गोल करवतीवर होतो. अण्णा म्हणजे मालक. तेलावरचं इंजिन, इंजिनावरून आलेला लांब चामडी पट्टा, आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला करवत: लोखंडी टेबल आणि त्याच्या फटीतून वर आलेलं, परातीएवढं गरगर फिरणारं पातं. मी पुढून लाकूड ढकलायचं आणि पलीकडून जोतीराम पैलवानाने ओढून घ्यायचं. पैलवान आष्ट्याचा, कुस्त्या सोडून चार वर्षं झाली होती, पण ओंडका असा उचलायचा की बघणाऱ्याची कंबर दुखावी. पाव्हण्याचं काम बघावं म्हणून दाजी वखारीत आले, दारात उभं राहून एक फळी चिरलेली पाहिली, आणि कोपऱ्यातला वासा घेऊन पट्टा चाकावरून उडवला. करवत थांबली. इंजिन बिचारं एकटंच धापा टाकत राहिलं.

अण्णा आतून पळत आले. "कोण ओ हे? पट्टा कुणी पाडला?"

"मी पाडला," दाजी म्हणाले. "आन् रावण लावल्याबिगर परत चढवू द्यायचा न्हाई."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं. रावण कोण हे मलाही ठाऊक नव्हतं.

मग दाजींनी माझा दंड धरून मला करवतीच्या मागे नेलं. "ह्ये बघ गड्या. पुढलं दात खाली जात्यात, लाकूड टेबलावर दाबून धरत्यात. त्ये चांगलं. पर मागलं दात वर येत्यात. चिरल्यालं लाकूड मागं मिटलं आन् पात्याला चिकाटलं, की ह्ये मागलं दात त्याला उचलून तुज्या अंगावर फेकणार. इंजिनाच्या ताकदीनं. कवा फेकू म्हणून तुला इचारायचं न्हाईत."

अण्णांनी त्यांना वखारीबाहेर काढलं. दाजी बाहेर गेले आणि दारासमोरच्या ओंडक्यावर बसून राहिले. तीन दिवस ते तिथे बसत होते. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला, "आत जाताय? करवतीच्या समोर हुबं ऱ्हाऊ नका," असं सांगत होते. चौथ्या दिवशी आमच्या पात्याचे दात बोथट झाले, त्यांना कानस मारणारा माणूस तापाने पडलेला. दाजींनी ते पातं मांडीवर घेतलं आणि असं परजलं की सागवान लोण्यासारखं चिरू लागलं. अण्णा मूळचे वाईट माणूस नव्हते, फक्त त्यांना घाई फार असे. त्यांनी दाजींना परजायच्या कामावर ठेवलं. दाजींनी एकच अट घातली, आणि त्या अटीपायी माझी पुढची दोन वर्षं नासली.

रावण म्हणजे एक पोलादी तुकडा. मोडक्या मोठ्या करवतीच्या पात्यातून कापून, कानशीने घासून त्यांनी तो स्वतः केला. पात्यापेक्षा जाड, पण पात्याने पाडलेल्या फटीपेक्षा बारीक. पात्याच्या पाठीमागे, बोटभर अंतरावर, पात्याच्याच गोलाईने वळलेला, पात्यापेक्षा वर डोकं काढून उभा. लाकूड चिरत मागे आलं की ते या तुकड्याच्या दोन्ही बाजूंनी सरकायचं. मिटून पात्याला चिकटायचं म्हटलं तरी मध्ये हा. पलटणीतले साहेब त्याला रायविंग की असंच काहीतरी म्हणत. दाजींच्या कानाने त्याचा रावण केला. रावणाच्या डोक्यावर पत्र्याचं टोपडं, पातं झाकायला. टेबलावर एक फणी: फळीच्या टोकाला जवळजवळ काप देऊन केलेले तिरपे, लवचीक दात. ते दात लाकडाला पुढे जाऊ देत आणि मागे येऊ देत नसत. शेवटचं वीतभर लाकूड हाताने लोटायचं नाही, त्यासाठी खाचेची काठी. आणि एवढ्यावर न थांबता त्यांनी जमिनीवर गेरूने दोन रेघा मारल्या. करवत चालू असताना त्या दोन रेघांच्या मध्ये, म्हणजे पात्याच्या नेमक्या समोर, कुणी पाय ठेवायचा नाही. मी डावीकडे सरकून, अंग चोरून ढकलायचं. माझी पाठ धरायची. आधीच्या निम्माच माल निघायचा.

शेजारच्या वखारीतली माणसं जेवणाच्या सुटीत बघायला येत. "करवतीला टोपडं घातलंय, आता पाळण्यात घालून जोजवा," असं म्हणत. पैलवान हसे. मी आतल्या आत जळत असे. आणि दाजी दर अर्ध्या तासाने परजायच्या जागेवरून ओरडत, "रावण जाग्यावर हाय का?" हे मला रोज किमान वीस वेळा ऐकावं लागे. एखाद्या भल्या माणसाचा संयम किती वेळा तपासावा?

आम्ही आपसात ठरवून टाकलं होतं की दाजींनी पलटणीत काहीतरी भयंकर पाहिलं असणार. कुणी म्हणे त्यांच्या जिवलग मित्राच्या पोटात फळी घुसली, कुणी म्हणे साहेबच गेला. एके दिवशी भाकरी खाताना पैलवानाने शेवटी विचारलंच. "दाजी, राग मानू नका. तुमच्या डोळ्यांम्होरं कोण मेलं वं?"

दाजींच्या हातातला घास तसाच राहिला. "मेलं? कोण बी मेलं न्हाई."

"मग कुणाचा हात गेला का?"

"कुणाचं नख बी गेलं न्हाई!" ते इतक्या जोरात ओरडले की वखारीवरची कबुतरं उडाली. "तीन वर्सं. बारा करवती. दीडशे माणसं. समद्यांची धा-धा बोटं जाग्यावर, कारन रावण जाग्यावर हुता. आरं, कुणी मेल्याबिगर मानसाला राग येऊ ने का? काय झालंच न्हाई, म्हणून सांगायला गोष्ट न्हाई. आन् गोष्ट न्हाई म्हणून तुमी ऐकत न्हाई. आता तुमास्नी ऐकाया यावं म्हणून मी कुनाला मारू?"

त्यांनी भाकरी फडक्यात बांधली आणि उठून गेले. पैलवान मला हळूच म्हणाला, "लय खरं बोललं गा." मला ते पटलं नाही. मेलेल्या मित्राची गोष्ट मला जास्त आवडली असती.

त्या उन्हाळ्यात पाचगणीच्या एका शाळेच्या वसतिगृहाचं काम आमच्याकडे आलं. शाळा उघडायच्या आत लाकडी भिंतींच्या फळ्या हव्या होत्या, आणि प्रत्येक फळीच्या कडेला खाच, म्हणजे एक फळी दुसरीत बसावी. खाच मारताना पातं खाली घ्यायचं, फळी त्याच्यावरून सरकवायची, आरपार चिरायची नाही. आता रावण पात्यापेक्षा वर डोकं काढून उभा. फळी त्याला अडणार. म्हणून खाचा मारायच्या वेळी रावण आणि टोपडं काढावंच लागे. ते दाजी स्वतः काढत, आणि खाचा संपल्या की स्वतः लावत. दोन बोल्ट होते, दोन्ही अडचणीच्या जागी, बोटं सोलून निघत. त्या दिवशी दाजी नव्या कानशी आणायला मिरजेला गेले होते. मी रावण काढला, खाचा मारल्या. खाचा संपल्यावर बघतो तर दोन फळ्या चिरायच्या राहिलेल्या. दारात पाचगणीची लॉरी उभी, अण्णा तिच्याभोवती फेऱ्या घालताहेत. "आटपा की रे," असं त्यांनी दोनदा म्हटलं. मी पातं वर घेतलं आणि रावण लावला नाही. दोनच फळ्या, असं मी पैलवानाला म्हणालो. तो मान हलवून म्हणाला, "दोनच हाईत, पर लाव की." मला त्याचाही राग आला. आता हाही सांगणार का मला?

पहिली फळी नीट निघाली. दुसरी अर्धी चिरली असताना दारातून आवाज आला.

"बंद कर! अरं, बंद कर!"

दाजी मिरजेहून परत आले होते. त्यांनी दारातूनच उघडं पातं बघितलं, आणि रागाच्या भरात, हातात कानशींची पुडी घेऊन, सरळ माझ्याकडे पळत आले. त्या दोन रेघांच्या मधून. ज्या रेघांवर कुणाची सावली पडली तरी ते आकाशपाताळ एक करत, त्या रेघांच्या मधून ते स्वतः आले. त्याच क्षणी फळी मागे मिटली. हाताखाली ती एकदम जड झाली, मग थरथरली, आणि मग माझ्या हाताखाली काहीच नव्हतं. मी सवयीने डावीकडे उभा होतो, अंग चोरून, जसं त्यांनी दोन वर्षं शिव्या घालून शिकवलं होतं तसा. फळी माझ्या काखेजवळून गेली. त्यांच्या खांद्यावर आपटून वर उसळली आणि जबड्यावर बसली.

पैलवानाने पट्टा पाडला. दाजी भुशात बसले होते. तोंड रक्ताने भरलं होतं आणि डोळे माझ्याकडे. ते काहीतरी बोलायला बघत होते आणि जबडा हलत नव्हता.

अण्णा आत आले, त्यांनी सगळं बघितलं आणि म्हणाले, "बघा. एवढं सगळं लावून शेवटी लागलं ते त्यालाच."

मी जन्मात तसा कुणावर ओरडलो नव्हतो. तोवर मला वाटे, रागावणं ही दाजींची वस्तू आहे, आपल्याकडे ती नाही. पण त्या क्षणी माझ्या तोंडून जे निघालं ते मी इथे लिहू शकत नाही. एवढंच सांगतो की लावलेलं नव्हतं म्हणून लागलं, काढलं ते मी काढलं, आणि घाई केली ती तुम्ही केली, हे मी अण्णांना, लॉरीच्या ड्रायव्हरला आणि रस्त्यावर जमलेल्या माणसांना इतक्या वेळा सांगितलं की शेवटी पैलवानाने मला कवेत धरून बाजूला नेलं. मग त्याच लॉरीत फळ्यांच्या जागी दाजींना घालून आम्ही मिरजेच्या इस्पितळात नेलं. अण्णा नाही म्हणाले नाहीत. उलट स्वतःचं उपरणं त्यांनी दाजींच्या डोक्याखाली दिलं.

खांद्याचं हाड मोडलं होतं आणि जबडा दोन ठिकाणी. डॉक्टरांनी जबडा तारेने बांधून टाकला. दीड महिना बोलायचं नाही, चावायचं नाही, फक्त पातळ प्यायचं. वखारभागात एवढी शांतता कधी नव्हती आणि ती कुणालाच सोसेना. इंदू रोज ताकातली कण्यांची पेज करून देई, मी डबा घेऊन जाई आणि खाटेजवळ शिक्षेला उभं राहावं तसा उभा राही. तिसऱ्या दिवशी नर्सने त्यांना पाटी आणि पेन्सिल दिली. मी मनाची तयारी केली. त्यांनी डाव्या हाताने, वाकड्या अक्षरात लिहिलं: रावण का काढला?

"खाचा मारायच्या होत्या," मी म्हणालो. "नंतर लावला नाही. दोनच फळ्या होत्या. बोल्ट अडचणीत आहेत. मला कंटाळा आला, दाजी. चूक माझी आहे."

त्यांनी पाटी पुसली. मग लिहायला लागले, आणि मी वाट बघत होतो की आता ती अदबीची हिंदी येणार. पाटी माझ्याकडे वळवली तेव्हा तिच्यावर होतं: काढावा लागतो असा केला, ती चूक माजी.

मी ते दोनदा वाचलं. त्यांनी माझ्या हातातून पाटी घेतली आणि चित्र काढलं. पातं, आणि त्याच्यामागे रावण, पण या वेळी बुटका. पात्याच्या माथ्यापेक्षा ज्वारीच्या दाण्याएवढा खाली. असा केला तर खाच मारतानाही फळी वरून निघून जाईल, तो काढायचं कारणच नाही. टोपडं त्याच्या डोक्यावर ठेवायचं नाही, वर तुळईला टांगायचं. पातं वर-खाली झालं की रावणही त्याच्याबरोबर वर-खाली झाला पाहिजे, म्हणून तो टेबलाला न बसवता खाली पात्याच्या बैठकीलाच बसवायचा. हे सगळं त्यांनी बाणांनी दाखवलं. खाली लिहिलं: मानूस काडनारच. मग मी असा करायला पायजे हुता का न्हाई?

मी मान हलवली. मला रडू आवरेना. ते मला शिव्या घालतील एवढंच मी तीन दिवस धरून होतो, आणि तेवढंही त्यांनी मला दिलं नाही.

तो बुटका रावण मी केला. रोज वखार सुटली की पोलाद घेऊन इस्पितळात जायचं, त्यांनी अंगठा फिरवून बघायचं, पाटीवर लिहायचं: जाड. दुसऱ्या दिवशी परत: जाड. अकराव्या दिवशी त्यांनी काहीच लिहिलं नाही, तुकडा माझ्या हातात परत दिला. तो बसवला तेव्हा पहिली फळी अण्णांनी स्वतः ढकलली, डावीकडे उभं राहून. पुढे त्या वखारीतला रावण कुणी काढला नाही, कारण काढायची गरजच कधी पडली नाही.

जबडा जुळला, पण पूर्ण उघडेना. दोन बोटं जेमतेम आत जातील एवढंच तोंड उघडायचं. ओरडणं संपलं. दाजी आता पुटपुटत. गंमत अशी, की पूर्वी ते ओरडायला लागले की माणसं पळायची. आता ते काय म्हणताहेत ते ऐकायला माणसांना जवळ जाऊन कान द्यावा लागे, आणि कान दिला की ऐकून घ्यावं लागे. शेजारच्या वखारवाल्याने, जो पाळण्याचं म्हणाला होता त्यानेच, आपल्या करवतीला रावण लावून घेतला. पण दाजींचं मन सांगलीत लागेना. खांदा कानशीला साथ देईना. दिवाळीनंतर ते ट्रंक घेऊन गावी गेले.

दीड वर्षाने मी त्यांना भेटायला गेलो. साताऱ्याला मोटार बदलून खंडाळ्याकडे जायचं, पुढे चालत. दाजी दारातल्या लिंबाखाली बसले होते. शेजाऱ्याची म्हैस त्यांच्या कडब्यात तोंड घालून चरत होती आणि ते तिच्याकडे नुसतं बघत होते. त्यांची बायको, म्हणजे इंदूची थोरली बहीण, तिला मी वहिनी म्हणतो. वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "वरीस झालं भावजी, कशावर बी रागवत न्हाईत. मला लय भ्या वाटतंय." मी दाजींजवळ बसलो. पाऊसपाणी झालं, इंदूची खुशाली झाली. मग बोलायला काही राहिलं नाही तेव्हा मी सहज सांगितलं, की सांगलीत पुलाजवळ नवी वखार निघाली आहे, मोठी करवत बसवली आहे, आणि पातं उघडं आहे.

दाजींनी मान वळवली. "तुमी सांगितलं का त्यास्नी?"

"नाही. माझी त्यांची ओळख नाही."

"कवापासनं चालू हाय?"

"झाला की महिना."

ते लिंबाला धरून उठले. चेहरा लाल होत गेला, मानेची शीर फुगली, आणि त्या न उघडणाऱ्या तोंडातून शब्द जेमतेम बाहेर आले. "मंग गड्या, तू हितं काय करतुयास?"

त्यांनी मला जेवूही दिलं नाही. वहिनींनी भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून दिला, तो मी वाटेत चालत खाल्ला. सांगलीपर्यंत सगळा रस्ता मी त्यांना मनातल्या मनात बोलत होतो. एवढ्या लांबून माणूस भेटायला येतो, त्याला बसू तरी द्यावं! दुसऱ्या दिवशी पुलाजवळच्या वखारीत गेलो. तिथल्या मालकाने मला हाकलून दिलं. त्याच्या पुढच्या दिवशी परत गेलो, तेव्हाही हाकललं. तसं मी दाजींना पोस्टकार्डावर कळवलं. आठ दिवसांनी उत्तर आलं. वर श्री नाही, खाली सही नाही, खुशालीचा शब्द नाही. वाकड्या अक्षरात एकच ओळ होती: तिसऱ्या दिवशी का न्हाई गेला?

मी तिसऱ्या दिवशीही गेलो होतो. त्या दिवशी मालकाने मला आत बोलावलं आणि चहा दिला. रावण कसा असतो ते मी त्याला भुशात बोटाने काढून दाखवलं. हे सविस्तर लिहायचं म्हणून मी नवं कार्ड आणून ठेवलं, आज लिहू उद्या लिहू करत ते फडताळात तसंच राहिलं, आणि एक दिवस खंडाळ्याहून वहिनींनी शेजाऱ्याकडून लिहवून घेतलेलं, दाजी गेल्याचं पत्र आलं. इंदूने ते वाचून माझ्या हातात दिलं आणि ती आत गेली. माझा सगळा राग स्वतःवर होता. आणि माझ्यावर रागावून तो घालवील असं माणूस आता कुणी उरलं नव्हतं.